आंबवण

पहिल्या दिवशी हारुयोबाईंनी मला पेरूची काठी दिली,
हातभर लांब, साल सोललेली,
आणि टाकीकडे बोट केलं.

टाकीत काल तोडलेली कॉफी.
लाल सालं यंत्रानं ओढून काढलेली,
बिया बुळबुळीत, भेंडी चिरताना
विळीला लागते तशी तार सुटलेली.
काठी खुपस. काढ.
भोक बुजलं, थांब.
भोक राहिलं, धू.
एवढंच शास्त्र. आणि त्या आत निघून गेल्या.

मी दूध संघात तेवीस वर्षं काढलेली बाई.
पहाटे चारला कासेगावच्या केंद्रावर
कॅनचं झाकण उघडून नाकानं सांगायची :
हे घ्या. हे परत.
आंबट म्हणजे परत, दुसरा अर्थच नव्हता.
एकदा सख्ख्या मावसभावाचा कॅन परत केला,
तो माझ्या लेकीच्या लग्नाला आला नाही.

आणि इथे, होलुआलोआच्या या उतारावर,
तीच लेक हॉस्पिटलात रात्रपाळीला गेली की
मी शेजारच्यांच्या टाकीपाशी स्टूल टाकून
काहीतरी आंबायची वाट बघत बसते.

खाली समुद्र. वर ढग.
मधे नुसता लाव्हा, काळा, भोकाभोकांचा,
वर्षाला दोन जोड बूट खाणारा.
झाडं मातीत नाहीतच, फटीत उभी.
कमरेला टोपली, एका हातानं फांदी वाकवायची,
दुसऱ्यानं पिकलेलं तेवढंच.
देठाला धक्का नाही, हिरव्याला हात नाही.
पाण्यात टाकल्यावर जे तरंगेल ते किड्याचं.

तिसऱ्या आठवड्यात बहिणीला फोनवर म्हटलं,
अंग आंबून गेलंय गं.
ती म्हणाली, मिठाच्या पाण्यानं शेक.
हारुयोबाईंना हे कसं सांगणार,
की आमच्यात डोशाचं पीठ आणि माणूस
एकाच क्रियापदात बसतात?
मी नुसती पाठ धरून दाखवली.
त्यांनीही धरून दाखवली, वयाच्या आठव्या वर्षापासूनची.

वाळवायच्या माळ्याला इथे रुळांवरचं छप्पर आहे,
पत्र्याचं, लोखंडी चाकांचं.
ऊन असेल तर मागे, पाऊस आला की पुढे.
वरच्या झाडांच्या पानांवर पहिले थेंब पडले
की त्यांना झोपेतही कळायचं म्हणे.
ऑगस्टातल्या एका रात्री कळलं नाही.

मला कळलं. मी गाऊनवर, अनवाणी,
कुंपणातल्या फटीतून.
चाकं जाम. खांदा लावला, दात लावले असते.
पत्रा किंचाळत निघाला
आणि चार दिवसांची वाळलेली कॉफी
माझ्या ओल्या केसांखाली कोरडी राहिली,
बहुतेक सगळी.

मागे वळले तर त्या दारात, हातात बॅटरी.
आवाजानं नव्हे, जमीन हलली म्हणून उठल्या होत्या.
कानाला बोट लावून त्यांनी मान हलवली, एकदाच,
हिशेबातली चूक कबूल करावी तशी.
मग मला आत बसवून बरणीतली कॉफी केली,
दुकानातली, चमचाभर पावडर, गरम पाणी.
स्वतःची पिणं परवडत नाही, म्हणाल्या.
मी चहाची माणूस. प्यायले.

सकाळी ग्रीसचा डबा
कुंपणाच्या माझ्या बाजूला ठेवलेला होता.
वर झाकण, झाकणावर दगड.
त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही.

तेव्हापासून मी खिडकी उघडी ठेवून झोपते.

आज चौदावा तास. हवा गार आहे,
नासायला अजून वेळ आहे, आंबायलाही असावा.
काठी खुपसली. काढली.
भोक बुजायला निघालं
आणि अर्ध्यावर थांबलं.
याचं काय करायचं, ते त्यांनी सांगितलेलं नाही.
मी खाली वाकले आणि
झाकण उघडल्यासारखा
वास घेतला.